अण्णांसाठी आलेली मेलाटोनिनची बाटली

मागच्या महिन्यात धाकट्या भावाचं पुण्याहून पार्सल आलं. अण्णांना गुडघ्याचा पट्टा, आईला शाल आणि सोबत जांभळ्या झाकणाची एक बाटली. बाटलीवर मेलाटोनिन 10 मिलिग्रॅम असं लिहिलेलं आणि त्याखाली हे शक्तिशाली अँटिऑक्सिडंट आहे, मेंदूच्या पेशींचं रक्षण करतं वगैरे. लगेच त्याचा फोन, "अक्का, रोज रात्री एक दे अण्णांना, झोप बी लागंल आणि इसरायचं बी कमी होईल, मी वाचलंय सगळं." त्याचा जीव तुटतो अण्णांसाठी, लांब राहतो म्हणून जास्तच तुटतो. मलाही वाटलं, अँटिऑक्सिडंट आहे, झोपेचं आहे, त्यानं काय बिघडणार. दिली.

तिसऱ्या रात्री साडेतीन-चारच्या सुमाराला अण्णा बाथरूमला उठले आणि उंबऱ्याला अडखळून पडले. आईच्या ओरडण्यानं मी जागी झाले, पळत गेले तर अण्णा भिंतीला टेकून बसलेले, कपाळाला टेंगूळ, डोळे उघडे पण माणूस झोपेतच. हाड मोडलं नाही ही देवाची कृपा. पण सकाळी दहा वाजेपर्यंत नुसते सुस्त, चहाची कपबशी हातात धरून बसलेले आणि प्यायचं ध्यानातच नाही. चहावर साय धरली तरी तसेच. मला फार वाईट वाटलं, ती गोळी मीच माझ्या हातानं दिली होती. बाटली कपाटावर ठेवली आणि ठरवलं की नीट वाचल्याशिवाय, डॉक्टरांना विचारल्याशिवाय आता यांच्या तोंडात काही घालायचं नाही.

मी लातूरला अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. मेलाटोनिन आम्ही वर्गात शिकवतो ते दोन-चार ओळीत, पिनियल ग्रंथी, झोप-जागेचं चक्र, पुढचा हार्मोन घ्या. म्हणून गेले तीन आठवडे कॉलेज सुटलं की मी हेच वाचत बसते. आई विचारते, "काय वाचायलीस गं एवढं, परीक्षा हाय का तुझी?" परीक्षा नाहीये पण जे समजलं ते लिहून ठेवावं वाटलं, कारण आता अशी बाटली आमच्याच घरात आहे असं नाही, स्टाफरूममधे विचारलं तर तिघींच्या घरी निघाली.

अण्णांचं सांगते आधी. वय 72. दोन वर्षं झाली विसरायला लागलेत. माणसं विसरत नाहीत, नातवंडांची नावं, सोयऱ्याधायऱ्यांची गावं सगळं पाठ. पण पेंड आणली का, मोटार बंद केली का, हे तासाभरात तीन-तीनदा विचारतात. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर बी-12 फारच कमी निघालं, आमचं घर माळकरी, दूध-ताकावरच सगळं. इंजेक्शनं झाली, थोडा फरक पडला. मग सीटी स्कॅन. ती फिल्म मी घरी आणून खिडकीच्या काचेला लावून पाहिली होती, आणि मेंदूच्या बरोब्बर मधोमध एक पांढराशुभ्र कण दिसला, ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक. मला धस्स झालं. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, ती पिनियल ग्रंथी आहे, वयानुसार तिथं कॅल्शियम साचतं, बऱ्याच जणांना दिसतं, त्याचं टेन्शन घेऊ नका."

तीच ही ग्रंथी. तुरीच्या दाण्याएवढी असते, रोज अंधार पडला की ट्रिप्टोफॅनपासून आधी सेरोटोनिन आणि सेरोटोनिनपासून मेलाटोनिन करून रक्तात सोडते. मध्यरात्रीनंतर, दोन ते चारच्या दरम्यान त्याचं प्रमाण सगळ्यात वर असतं आणि उजाडेपर्यंत उतरतं. ही गोष्ट सापडली कशी तेही मजेशीर आहे. 1917 साली मॅककॉर्ड आणि ॲलन या दोघांना दिसलं की गाईच्या पिनियलचा अर्क दिला की बेडकाच्या पिल्लांची कातडी फिकट होते. पुढं 1958 साली अमेरिकेत येल विद्यापीठात ॲरन लर्नर नावाच्या कातडीच्या डॉक्टरांनी, कोडासारख्या आजारावर याचा उपयोग होईल या आशेनं, जनावरांच्या हजारो पिनियल ग्रंथी गोळा करून त्यातून हा पदार्थ वेगळा काढला. मेलानिन आणि सेरोटोनिन या दोन नावांवरून मेलाटोनिन. कोडाचं काही झालं नाही, पण शरीराचं घड्याळ सापडलं.

आता अँटिऑक्सिडंटचं, म्हणजे ऑक्सिजनमुळं होणारा बिघाड थोपवणाऱ्या पदार्थाचं. हे समजून घ्यायला मला आमच्या घरातलं करडईचं तेल फार कामाला आलं, पोरांनाही मी आता असंच सांगते.

आमच्याकडं घाण्यावरचं करडईचं तेल अजूनही लागतं. ताजं असताना त्या तेलाला वास नसल्यासारखाच, पण उन्हाळ्यात महिना-दीड महिना डबा उघडा-झाक होत राहिला की खवट होतं, आणि एकदा खवट व्हायला लागलं की चार-आठ दिवसात सगळा डबा जातो. आईचं म्हणणं, पत्र्याच्या गंजक्या डब्यात ठेवलं की लवकर जातं, म्हणून ती काचेच्या बरणीत, अंधाऱ्या कोनाड्यात ठेवते. लहानपणी मला ही तिची सवय वाटायची. पण केमिस्ट्रीनं बघितलं तर आई शंभर टक्के बरोबर आहे. करडईच्या तेलात 70 टक्क्यांच्या वर लिनोलिक ॲसिड असतं, म्हणजे ज्या चरबीच्या साखळीत एकापेक्षा जास्त डबल बाँड आहेत अशी नाजूक चरबी, तिच्यातला हायड्रोजन चटकन निघतो, ऑक्सिजन चिकटतो, तो बिघडलेला रेणू शेजारच्याला बिघडवतो, शेजारचा त्याच्या शेजारच्याला. एका नासक्या आंब्यानं अढी नासावी तसं. आणि लोखंड या कामाला चालना देतं.

चेतापेशीचं आवरण अशाच नाजूक चरबीचं असतं, उलट तेलापेक्षाही नाजूक, कारण मेंदूत डीएचए नावाची चरबी भरपूर, तिच्यात सहा डबल बाँड. मेंदूचं वजन शरीराच्या फक्त 2 टक्के पण आपण श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनपैकी जवळजवळ 20 टक्के तोच वापरतो. मेंदूत लोहही असतं. आणि बिघाड आवरायला जे एन्झाइम लागतात त्यातलं कॅटलेज लिव्हरच्या मानानं मेंदूत अगदी थोडं. म्हणजे तेल नाजूक, डबा लोखंडाचा, हवा भरपूर, आणि राखणदार कमी. त्यात चेतापेशी एकदा गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही, काही थोड्या जागा सोडल्या तर जन्मभर त्याच पेशी. बहात्तर वर्षं त्याच पेशी अण्णांनी वापरल्या आहेत, हा विचार आला की मला त्या पेशींबद्दलच माया वाटते.

पेशीच्या आत तंतुकणिका असतात, तिथं अन्नातली ऊर्जा काढायचं काम चालतं आणि ते काम चालू असताना थोडे इलेक्ट्रॉन गळतात. गळलेला इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला मिळाला की सुपरऑक्साइड. त्याचं एक एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, म्हणजे जखमेवर ओतलं की फेस येतो तेच. दुसरं एन्झाइम त्याचं पाणी करतं. इथपर्यंत ठीक. पण पेरॉक्साइडला मोकळं लोह भेटलं तर हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो, रॅडिकल म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी अपुरी असलेला, तो कुणाकडूनही ओढायला टपलेला कण. लोह आणि पेरॉक्साइडची ही रिॲक्शन फेंटन यांनी 1894 सालीच नोंदवलेली आहे. हा हायड्रॉक्सिल कुणालाच सोडत नाही, जिथं जन्मला तिथंच शेजारी जे असेल, चरबी, प्रोटीन, डीएनए, त्याच्यावर तुटून पडतो.

मला 1993 म्हणलं की किल्लारीचा भूकंपच आठवतो, 30 सप्टेंबरची ती पहाट, चार वाजायला चार-पाच मिनिटं कमी. मी दहा वर्षांची होते, आमच्याही गावात माळवदं पडली आणि पुढं कितीतरी महिने आम्ही सगळे अंगणात खाटा टाकून झोपायचो, कुणाची छताखाली जायची छातीच नव्हती. त्याच वर्षी तिकडं टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात डुन-शियान टॅन, रसेल रायटर आणि त्यांच्या सोबतच्यांनी दाखवलं की मेलाटोनिन या हायड्रॉक्सिल रॅडिकलला गाठून निकामी करतं. तोपर्यंत हा घड्याळाचा हार्मोन होता, त्यानंतर अँटिऑक्सिडंट म्हणून त्याच्यावर कामाचा पाऊसच पडला. बाटलीवरच्या त्या ओळीचं मूळ इथं आहे, म्हणजे ती ओळ हवेतली नाहीये हे आधी मान्य करायला पाहिजे.

आणि कागदावर हा पदार्थ खरंच फार गुणाचा आहे. पाण्यातही जमतं त्याला आणि चरबीतही, म्हणून रक्तातून मेंदूत जायची जी कडक नाकाबंदी असते ती तो ओलांडतो, पेशीच्या आवरणातूनही आत जातो. व्हिटॅमिन सी एरवी चांगलंच, पण मोकळं लोह आसपास असलं तर तेच उलटं लोहाला परत ताजं करून देतं आणि आगीत तेल पडतं. मेलाटोनिनचं तसं होत नाही, ते एकदा इलेक्ट्रॉन देऊन टाकतं आणि त्याचं एएफएमके, एएमके अशा पदार्थात रूपांतर होतं, आणि हे पदार्थसुद्धा पुढं रॅडिकलला अडवतात. आजोबानं राखलेलं शेत मुलानं राखावं, मुलानंतर नातवानं. शिवाय ते पेशीला स्वतःचे राखणदार एन्झाइम जास्त करायला लावतं. 2017 साली पिट्सबर्गच्या लोकांनी उंदराच्या मेंदूवर केलेलं एक काम वाचलं, त्यात तर चेतापेशीच्या तंतुकणिका स्वतःच मेलाटोनिन बनवतात आणि त्याला ओळखणारं रिसेप्टर तंतुकणिकेच्या बाहेरच्या आवरणावरच असतं असं दिसलं. जिथं ठिणग्या उडतात तिथंच पाण्याची घागर भरून ठेवलेली. हे वाचून मी त्या रात्री आईला उठवून सांगणार होते.

जनावरांवरचे निकालही भरपूर आहेत. उंदरांच्या मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ बंद करून बघितलं, पार्किन्सनसारखी हानी करणारी विषं देऊन बघितलं, मेलाटोनिन दिलेल्यांच्या पेशी कमी मेल्या. लंडनमधे 2013 साली डुकराच्या नवजात पिल्लांवर, जन्मताना ऑक्सिजन कमी पडला तर काय होतं हे बघताना, शरीर थंड ठेवायच्या उपचाराला मेलाटोनिनची जोड दिली तेव्हा मेंदू जास्त वाचला.

पण पुढं वाचत गेले तसं मन जरा खाली बसत गेलं. पहिली गोष्ट, हायड्रॉक्सिल रॅडिकल जे जवळ असेल त्याच्यावर तुटून पडतो हे वर लिहिलंच, मग त्याच्या जवळ मेलाटोनिनच असायला पाहिजे ना, आणि मेलाटोनिन शरीरात असतं किती? तरुण माणसाच्या रक्तात रात्री, अगदी शिगेला असताना, मिलिलिटरला साठ-सत्तरच्या आसपास पिकोग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. सगळ्या रक्तातलं एकत्र केलं तरी एक मायक्रोग्रॅम भरत नाही. एवढ्याशा रेणूंनी थेट जाऊन रॅडिकल पकडायचे हे मला पटत नाही, व्हिटॅमिन सी आणि ग्लुटाथायोन (पेशीतलंच आणखी एक अँटिऑक्सिडंट) त्यापेक्षा लाखो पटीनं जास्त असतात तिथं. निरोप देऊन एन्झाइम वाढवणं, तंतुकणिकेच्या दारात उभं राहणं, हे काम थोड्या रेणूंनाही जमण्यासारखं आहे आणि शरीरातलं मेलाटोनिन पेशी राखत असेल तर बहुतेक याच वाटेनं राखत असेल असं माझं मत झालंय.

दुसरी गोष्ट डोसाची. उंदरांवरच्या बऱ्याच प्रयोगात किलोमागे 10 मिलिग्रॅम असा डोस असतो. प्रयोगातल्या मोठ्या उंदराचा, म्हणजे रॅटचा, डोस माणसाला लावताना साधारण सहानं भागायची पद्धत आहे, म्हणजे 60 किलोच्या माणसाला जवळजवळ 100 मिलिग्रॅम. बाजारातली गोळी 3, 5 किंवा 10 ची. म्हणजे झोपेच्या मानानं ती फार मोठी आणि प्रयोगातल्या अँटिऑक्सिडंट कामाच्या मानानं फार छोटी. भावाला फोनवर हे सांगितलं तर तो बराच वेळ गप्प बसला.

आणि माणसांचं काय? अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूतल्या पाण्यात मेलाटोनिन कमी आढळतं हे खरं आहे, 1999 सालीच नेदरलँड्समधे ते दिसलं होतं. पण कमी आहे म्हणून आजार झाला का आजार झाला म्हणून कमी झालं हे त्यावरून ठरत नाही. गोळी दिल्यानं स्मरणशक्ती जाणं थांबतं असं माणसांवर सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेत अल्झायमरच्या रुग्णांना झोपेसाठी मेलाटोनिन देऊन केलेली मोठी चाचणी 2003 साली आली, त्यात मनगटाला लावलेल्या यंत्रानं मोजलेल्या झोपेत खास फरक पडला नाही. 2015 साली तिथल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संस्थेनं, अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिननं तर डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या वयस्कर माणसांना झोप-जागेची गडबड झाली म्हणून मेलाटोनिन शक्यतो देऊ नका असंच सांगितलं, आणि उजेडाच्या उपचाराला मात्र होकार दिला. युरोपात 2 मिलिग्रॅमची हळूहळू विरघळणारी गोळी 55 वर्षांपुढच्या निद्रानाशाला 2007 पासून मंजूर आहे, पण ती झोपेसाठी, तीही थोड्या आठवड्यांसाठी, मेंदूच्या पेशी वाचवायला नाही.

अजून एक, बाटलीत लिहिलंय तेवढंच असतं का? कॅनडात 2017 साली 31 वेगवेगळी मेलाटोनिनची उत्पादनं तपासली, काहींत लेबलच्या 83 टक्क्यांनी कमी माल, एकात तर 478 टक्क्यांनी जास्त, आणि चौथ्या हिश्शाच्या आसपास उत्पादनांत चक्क सेरोटोनिन सापडलं. आमच्या बाटलीत नेमकं काय होतं मला कळायला मार्ग नाही.

डॉक्टरांकडं गेले तेव्हा बाटली सोबतच नेली. त्यांनी मला एका शब्दानं बोललं नाही, फक्त म्हणाले की या वयात गोळी अंगात जास्त वेळ रेंगाळते आणि 10 हा डोस यांच्यासाठी फारच मोठा. मग मी माझा एक प्रश्न विचारला. वाचताना कळलं होतं की डोळ्यातून अंधाराचा निरोप निघतो तो मेंदूतल्या घड्याळाकडं जातो, तिथून पाठीच्या कण्यातून छातीपर्यंत खाली उतरतो, परत मानेतून वर चढतो आणि मग पिनियलला पोचतो, आणि शेवटच्या टप्प्यावर जो दरवाजा उघडावा लागतो तो बीटा रिसेप्टरचा. अण्णांची बीपीची गोळी बीटा ब्लॉकर. म्हणजे ती हा दरवाजा थोडा लावून घेते, त्या गटातल्या काही गोळ्यांनी रात्रीचं मेलाटोनिन कमी होतं हे मोजलेलं आहे. डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे, पण यांच्या हृदयाला ती लागते, तिला हात लावायचा नाही. हे मुद्दाम लिहितेय कारण हे वाचून कुणी आपल्या घरातल्यांची बीपीची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नये, हात जोडून सांगते.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त हलवून गेलेली गोष्ट वेगळीच आहे. मेलाटोनिन झोपेमुळं तयार होत नाही, अंधारामुळं होतं. उंदरासारखे प्राणी रात्रभर जागे असतात, खाणं शोधत फिरतात, तरी त्यांचंही मेलाटोनिन रात्रीच वाढतं.

हे वाचलं आणि मला अण्णांचं रात्री पाणी द्यायला जाणं आठवलं. आमच्या भागात शेतीची लाइट वर्षानुवर्षं आठवड्यातले काही दिवस रात्रीची. हरभरा, गहू, ऊस, ज्याला पाणी द्यायचं त्यानं रात्री जायचं, विंचू-काट्याचं, थंडीचं. मी सातवी-आठवीत असताना हट्टानं दोनदा सोबत गेलेय. अण्णांच्या डोक्याला मफलर, खांद्यावर फावडं, हातात बॅटरी, पण बॅटरी ते सारखी लावायचे नाहीत, सेल संपतात म्हणून. वाफा भरला की फावड्यानं एका बाजूची माती ओढून दार बंद करायचं आणि दुसरं फोडायचं, आणि वाफा भरला हे ते बघून नाही, आवाजावरून ओळखायचे. पाण्याचा खळखळ आवाज मऊ झाला की म्हणायचे, "भरलं बग." मला काळोखात काहीच दिसायचं नाही. वर चांदण्यांचा सडा.

मी इतकी वर्षं मनात धरून होते की त्या जागरणांनी अण्णांच्या मेंदूचं वाटोळं केलं. आता वाटतं गोष्ट एवढी सरळ नसणार. झोप मोडली ती मोडलीच, तिचं नुकसान झालंच असेल, कारण मेंदूचा कचरा धुवून काढायचं काम झोपेत जास्त चालतं हे उंदरांवर 2013 साली दिसलंय, आणि रात्री जागं राहून दिवसा परत राबायचं हा अन्यायच होता, आजही आहे. पण त्या काळोखात उभ्या असलेल्या माणसाची पिनियल तरी आपलं काम करत असणार. उलट मी. रात्री साडेअकरापर्यंत पांढऱ्या एलईडीखाली पेपर तपासते, मग गादीवर पडून मोबाइल, मी झोपलेली कमी आणि उजेडात जास्त. आणि लातूरला माझी पोरं, रूमवर राहणारी, नीटची तयारी करणारी, ती तर एक-दीड वाजेपर्यंत ट्यूबलाइटखाली. 2011 साली एक अभ्यास आला होता, शंभरावर तरुण माणसांना झोपायच्या आधीचे तास घरातल्या साध्या उजेडात ठेवलं तर मंद उजेडाच्या तुलनेत त्यांच्या मेलाटोनिनची रात्र सुमारे 90 मिनिटांनी आखूड झाली. साध्या ट्यूब-बल्बचा उजेड, दुसरं काही नाही.

मागच्या आठवड्यात एक पोरगी तास संपल्यावर मागं थांबली. "मॅडम, मी दोनला झोपते आणि सहाला उठते, झोप लागतच नाही लवकर, मेलाटोनिन घेऊ का, मैत्रीण घ्यायलीय." तिला बाकावर बसवलं आणि करडईच्या तेलापासून सगळं सांगितलं. गोळीचं डॉक्टरला विचार म्हणलं, पण आठ दिवस माझं ऐक, साडेदहाला मोठी लाइट बंद, वाचायचंच असेल तर टेबलावर छोटा पिवळा दिवा, मोबाइल मैत्रिणीकडं, आणि सकाळी उठल्या उठल्या गच्चीवर वीस मिनिटं चहा घेऊन. परवा भेटली तर म्हणाली बाराच्या आत झोप लागायलीय. एका पोरीवरून काही सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे, पण तिचा चेहरा बघून बरं वाटलं.

घरी काय केलं ते सांगते. अण्णांच्या खाटेसमोरच्या खिडकीतून रस्त्यावरच्या खांबाचा पांढराफटक उजेड रात्रभर तोंडावर यायचा, दोन वर्षं आम्हा कुणाच्या ध्यानातही आलं नाही. तिथं आईनं तिची जुनी वाकळ टांगली. बाथरूमच्या वाटेवर खाली जमिनीलगत एक बारीक तांबडा बल्ब लावला, म्हणजे उठले तर उंबरा दिसेल आणि डोळ्यावर उजेड येणार नाही, कारण डोळ्यातल्या ज्या पेशी घड्याळाला निरोप देतात त्या निळ्या उजेडाला जास्त जागतात, तांबड्याला फार कमी. रात्री नऊनंतर टीव्ही बंद, याच्यावरून दोन दिवस भांडण झालं, आईचं, अण्णांचं नाही. सकाळी सात ते आठ अण्णा अंगणात उन्हाला बसतात, घरात ट्यूब लावून जेवढा उजेड असतो त्याच्या कितीतरी पट बाहेर असतो. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली. गोळी बंदच आहे.

मधे गल्लीतल्या एक काकू म्हणाल्या की रात्री काढलेल्या दुधात हे मेलाटोनिन असतं म्हणे, ते द्या. असतं खरं, रात्री धार काढलेल्या दुधात दिवसापेक्षा जास्त असतं, पण तेही पिकोग्रॅमच्याच हिशोबात. दूध अण्णा पितातच, बी-12 साठी पिऊ देत.

विसरणं तसंच आहे, ते कमी झालं असं मी म्हणणार नाही. पण गेले बारा-तेरा दिवस रात्रीतून एकदाच उठतात आणि चहा गरम असताना पितात. पुढच्या महिन्यात परत दाखवायचंय, तेव्हा ती 2 मिलिग्रॅमवाली हळू विरघळणारी गोळी यांना चालेल का हे विचारायचं माझ्या वहीत लिहून ठेवलंय, आणि बी-12 परत तपासायचंय. भाऊ दिवाळीला येणार आहे, त्याला म्हणलं येताना काही आणू नकोस, रात्री जेवण झालं की अण्णांसोबत गच्चीवर लाइट न लावता बस. परवा आम्ही बसलो होतो. खाली ओढ्याकडच्या वावरात कुणाची तरी मोटार चालू होती, अण्णा बराच वेळ कान देऊन ऐकत होते, मग म्हणाले, "भरलं बग त्याचं, दार फोडाया पायजे आता."